तेल, तूप आणि मेंदूतल्या रोगप्रतिकारक पेशी: चरबीमुळे दाह वाढतो का?

सोमेश्वरकर

गंगापूर रोडला हल्ली जिकडे बघावं तिकडे लाकडी घाणा. तेलाबद्दल तक्रार नाही, शेंगदाण्याचं ताजं तेल आमच्याकडेही तिथूनच येतं. तक्रार आहे ती काउंटरवरच्या फलकाबद्दल, आणि त्याचा फोटो काढून सगळ्या नातेवाइकांच्या गटांत फिरवणाऱ्यांबद्दल: 'मेंदू ६० टक्के चरबीचा बनलेला असतो, म्हणून मेंदूला तूप द्या, शुद्ध तेल द्या.' आयुष्यभर बायोकेमिस्ट्री शिकवत आलोय, हात शिवशिवतात.

हा आकडा मुळात वाळवलेल्या मेंदूचा. पाणी काढून टाकल्यावर जे उरतं त्यात निम्म्याहून जास्त चरबी भरते. जिवंत मेंदूत तीन चतुर्थांशांहून जास्त पाणीच असतं. आणि ती चरबीसुद्धा ताटातून उचलून मेंदूत भरली जात नाही. मेंदूचं वजन शरीराच्या २ टक्के, पण शरीरातलं २० ते २५ टक्के कोलेस्टेरॉल तिथे असतं. ते जवळपास सगळं मेंदूतच तयार होतं, कारण रक्तातलं एलडीएल, म्हणजे कोलेस्टेरॉल वाहून नेणारे कण, रक्त आणि मेंदू यांच्यामधली भिंत ओलांडत नाही. काही फॅटी ॲसिडं मात्र आत जातात. ओमेगा-३ मधलं डीएचए कोणत्या दारानं आत शिरतं ते सिंगापूरच्या एका प्रयोगशाळेने २०१४ मध्ये दाखवलं. त्या वाहक प्रथिनाचं नाव एमएफएसडी२ए.

मग चरबीचा आणि मेंदूतल्या दाहाचा संबंधच नाही का? आहे, आणि भलताच घट्ट आहे. पण तो कळायला आधी मायक्रोग्लिया कळायला हव्यात. या मेंदूतल्या रोगप्रतिकारक पेशी. पीओ देल रीओ ऑर्तेगा या स्पॅनिश शास्त्रज्ञाने १९१९ मध्ये त्या वेगळ्या ओळखल्या आणि त्यांना हे नाव दिलं. रक्तातल्या पांढऱ्या पेशींच्या या लांबच्या बहिणी, पण अस्थिमज्जेतून येत नाहीत; गर्भ अगदी लहान असतानाच पीतक पिशवीतून मेंदूत येऊन स्थिरावतात आणि तिथेच संख्या वाढवून राहतात. मेलेल्या पेशी गिळणं, नको झालेले सिनॅप्स, म्हणजे चेतापेशींमधले सांधे, काढणं, मज्जातंतूवरच्या मायलिन आवरणाचे तुकडे उचलणं ही त्यांची रोजची कामं.

आता मजा बघा. मायलिनच्या कोरड्या वजनात ७० टक्क्यांहून जास्त चरबी असते. म्हणजे मायक्रोग्लिया जे गिळतात त्यात चरबीच चरबी. आणि कोलेस्टेरॉलच्या रेणूचं कडं तोडायची सोय आपल्या पेशींकडे नाही. ते एक तर बाहेर पाठवायचं, नाही तर आतच थेंबाथेंबाने साठवायचं. बाहेर पाठवायला एबीसीए१ नावाचा पंप आणि एपीओई नावाचा वाहक लागतो. पेशीत कोलेस्टेरॉल वाढलं की एलएक्सआर हा संवेदक जागा होतो, पंप वाढवतो, आणि त्याच फेऱ्यात दाहाची जनुकंही दाबून ठेवतो. हे चक्र चालू असेल तोवर सगळं शांत. ते अडलं की चरबीचे थेंब साचतात, कधी कोलेस्टेरॉलचे स्फटिक बनतात, आणि मग एनएलआरपी३ इन्फ्लमासोम ही पेशीतली धोक्याची घंटा पेटून इंटरल्युकिन-१ हे दाहाचं रसायन बाहेर पडायला लागतं.

आलोइस अल्झायमर यांनी १९०७ च्या निबंधात प्रथिनांच्या गाठी आणि साका यांच्या जोडीला ग्लिया पेशींमध्ये चरबी साठल्याचंही नोंदवलं होतं. गाठी आणि साका सगळ्यांना पाठ झाले, चरबी मात्र शंभर वर्षं अडगळीत पडून राहिली.

माझं म्हणणं इतकंच आहे की किती चरबी खाल्ली यापेक्षा पेशीने गिळलेल्या चरबीची विल्हेवाट लागतेय की नाही, हा मेंदूच्या बाबतीत मोठा प्रश्न आहे. बोला आता.

मेनरोडची_मैना

वाचनखूण साठवली आहे. सावकाश वाचते.

पाथर्डीफाटा

मस्त धागा. म्हणजे घंटागाडी वेळेवर येते, कचरा उचलते, पण खत प्रकल्पावर रिकामीच होत नाही. मग भरलेली गाडी गल्लीत उभी, आणि वास तिचाच. बरोबर ना सर?

सोमेश्वरकर

अगदी बरोबर, आणि माझ्या सहा परिच्छेदांपेक्षा चांगलं सांगितलंत. :) भर एवढीच की ती भरलेली गाडी नवा कचराही उचलत नाही. २०२० मध्ये स्टॅनफर्डच्या गटाने म्हाताऱ्या उंदरांच्या हिप्पोकॅम्पसमध्ये, म्हणजे आठवणींशी संबंधित भागात, पाहिलं तर निम्म्याहून जास्त मायक्रोग्लियांत चरबीचे थेंब होते. त्या पेशी गिळण्याच्या कामात ढिल्या पडल्या होत्या आणि वर दाहाची रसायनं व ऑक्सिजनचे हानिकारक रेणू जास्त सोडत होत्या.

चष्मेबद्दूर

प्रश्न: आधी चरबी साचते आणि म्हणून दाह होतो, की आधी दाह होतो आणि म्हणून चरबी साचते? उंदराच्या मेंदूत दोन्ही एकत्र दिसले म्हणून एकामुळे दुसरं झालं असं होत नाही.

सोमेश्वरकर

चष्मेबद्दूर, दोन्ही दिशांनी पुरावा आहे. त्याच २०२० च्या कामात मायक्रोग्लियांना एलपीएस दिलं, म्हणजे जिवाणूंच्या कवचातलं विष, की पेशींत थेंब तयार होतात. म्हणजे दाह आधी, चरबी नंतर. याचं कारणही लागतं: दाहाच्या अवस्थेत पेशी घाईने साखर जाळायला लागते आणि चरबी जाळणं मागे पडतं, मग ती साठते.

उलट बाजू अशी की २०२४ मध्ये त्याच विद्यापीठातून आलेल्या कामात एपीओईच्या जनुकाचा ४ हा प्रकार, म्हणजे एपीओई-४, त्याच्या दोन प्रती असलेल्या माणसांच्या पेशींपासून बनवलेल्या मायक्रोग्लियांना अमायलॉइड, म्हणजे अल्झायमरच्या साक्यातलं प्रथिन, दाखवलं. चरबी साठवायला लागणारं एसीएसएल१ हे एन्झाइम वाढलं, थेंब साचले, आणि त्या पेशींनी सोडलेला द्राव चेतापेशींवर टाकल्यावर टाऊ (गाठी ज्याच्या बनतात ते) प्रथिन बिघडलं, चेतापेशी मरू लागल्या. हे दुष्टचक्र आहे, त्याला सुरुवातीचं टोक शोधत बसण्यात फारसा अर्थ नाही असं माझं मत.

चष्मेबद्दूर

मान्य. पण मग 'संतृप्त चरबी थेट दाह करते' हे जे सगळीकडे छापून येतं त्याचं काय? पामिटिक ॲसिड हे संतृप्त फॅटी ॲसिड टीएलआर४ वर, म्हणजे पेशीवरच्या जंतू ओळखणाऱ्या प्रथिनावर, बसतं वगैरे.

अंबडचा_क्यूसी

इथे मी येतो, कारण हे माझ्या टेबलावरचं काम आहे. औषध कंपनीत एंडोटॉक्सिन तपासतो. एंडोटॉक्सिन म्हणजेच वर सरांनी सांगितलेलं एलपीएस. तपासायला एलएएल वापरतात, ते हॉर्सशू क्रॅब या समुद्री जिवाच्या निळ्या रक्तातल्या पेशींपासून बनतं. छोट्या काचनळीत नमुना आणि एलएएल समसमान घालायचं, ३७ अंशांवर तासभर अजिबात न हलवता ठेवायचं, मग नळी अलगद पूर्ण उलटी करायची. जेल तळाला चिकटून राहिलं तर एंडोटॉक्सिन आहे, ओघळलं तर नाही. नवीन पोरं नळी काढताना धक्का देतात आणि जेल फुटतं, मग पुन्हा सगळं पहिल्यापासून.

मुद्दा असा की हे विष भयंकर चिवट. ऑटोक्लेव्हमध्ये, म्हणजे दाबाखालच्या वाफेत, जिवाणू मरतात पण त्यांच्या कवचातलं हे विष शाबूत राहतं. काचेवरून घालवायला २५० अंशांची कोरडी उष्णता अर्धा तास द्यावी लागते. पामिटिक ॲसिड पाण्यात विरघळत नाही, म्हणून प्रयोगात ते गाईच्या रक्तातल्या अल्ब्युमिनला बांधून पेशींवर घालतात. आता ते अल्ब्युमिन कुठून आलं, किती स्वच्छ होतं? त्यात एंडोटॉक्सिनचा अंश असेल तर टीएलआर४ पेटणारच, कारण तो एंडोटॉक्सिनसाठीच तर आहे. नाव मात्र चरबीचं खराब.

सोमेश्वरकर

क्यूसी, टाळ्या! हाच आक्षेप २००९ च्या सुमारास शोधनिबंधांत आला होता. नंतर २०१८ मध्ये एका गटाने नीट तपासून दाखवलं की संतृप्त फॅटी ॲसिड टीएलआर४ ला चिकटून त्याला चालू करत नाहीत. पण म्हणून ती सुटली असंही नाही. टीएलआर४ आधी थोडा जागा झालेला असेल तर पेशीचा चयापचय बदलतो, आणि अशा तयार पेशीवर पामिटिक ॲसिड पडलं तर दाह होतो. आधीची ठिणगी लागते. (हे प्रयोग शरीरातल्या मॅक्रोफेज, म्हणजे जंतू गिळणाऱ्या पेशींवरचे. मायक्रोग्लिया त्यांच्या नात्यातल्या, तरी सगळं तसंच्या तसं लागू करू नये.)

जिवंत प्राण्यांतलं सांगायचं तर २०१२ मध्ये उंदरांना भरपूर चरबीचा खुराक दिल्यावर हायपोथॅलॅमसमध्ये, म्हणजे भूक सांभाळणाऱ्या भागात, दाहाच्या खुणा तीन दिवसांच्या आत दिसल्या. वजन वाढायच्या आधी. पण त्या खुराकात ६० टक्के उष्मांक चरबीतून होते. दोन चमचे तुपाचा वरणभात म्हणजे तो खुराक नव्हे.

तुपाळ_आजोबा

आता आलात वळणावर. माझी आई त्र्याण्णवाव्या वर्षी गेली, शेवटपर्यंत विष्णुसहस्रनाम तोंडपाठ, आणि रोज तूप. तुमचे उंदीर काहीही म्हणोत.

पाथर्डीफाटा

आजोबा, आईंना त्या काळी गिरणीपर्यंत चालत जाऊन दळण आणावं लागत असेल, तेही मोजा की.

तुपाळ_आजोबा

गिरणीपर्यंत? पंचवटीतून पाणी भरायला रामकुंडावर. पण तूप होतंच.

सोमेश्वरकर

आजोबा, तुपावर माझा राग नाही. तुपात साठ टक्क्यांच्या वर संतृप्त चरबी असते, आणि थोडं ब्युटिरिक ॲसिडही, तीनचार टक्के. या ब्युटिरिकवरून 'तूप मेंदूचा दाह कमी करतं' असे व्हिडिओ बनतात. त्यात एक धागा खरा आहे, पण तो तुपाकडे जात नाही. २०१५ मध्ये जर्मनीतल्या फ्रायबुर्गच्या गटाने आतड्यात एकही जिवाणू नसलेले उंदीर पाहिले. त्यांच्या मायक्रोग्लिया अर्धवट वाढलेल्या, संसर्ग झाला तरी नीट प्रतिसाद न देणाऱ्या. पाण्यातून छोट्या साखळीची फॅटी ॲसिडं दिली, ज्यात ब्युटिरिकही येतं, तर पेशी बऱ्याच सुधारल्या. ही ॲसिडं आतड्यातले जिवाणू तंतूंपासून रोज स्वतः बनवतात आणि चमचाभर तुपातून मिळतील त्याहून कितीतरी जास्त बनवतात. त्यांचा कच्चा माल म्हणजे नागलीची भाकरी, हुलगे, मठ, पालेभाजी. तूप त्या भाकरीवर घ्या, माझी ना नाही.

तुपाळ_आजोबा

हुलग्याचं शेंगोळं आणि तूप. मंजूर.

मेनरोडची_मैना

वाचून झालं. माझा प्रश्न जरा घरातला आहे. आईला अल्झायमरचं निदान झालंय. भावाने उत्साहात एका कंपनीचं घरबसल्या लाळ पाठवायचं किट मागवलं आणि माझी व त्याची जनुक तपासणी केली. माझ्या अहवालात एपीओई ३/४ आलंय आणि खाली लाल रंगात एक बाण. समजावून सांगायला कुणी नाही, फोन केला तर 'मॅडम आमचं ओमेगा पॅकेज घ्या'. वर तुम्ही एपीओई-४ लिहिलंत आणि पोटात गोळा आला.

सोमेश्वरकर

मैनाताई, आधी शांत व्हा. मी डॉक्टर नाही, त्यामुळे आईंच्या न्यूरोलॉजिस्टना तो अहवाल जरूर दाखवा. मला माहीत आहे ते सांगतो. ३/४ म्हणजे ४ प्रकाराची तुमच्याकडे एकच प्रत आहे.

एपीओई-४ आणि अल्झायमरचा संबंध १९९३ मध्ये कळला. एका प्रतीने जोखीम साधारण तिप्पट होते आणि दोन प्रतींनी आठ ते बारा पट असं सांगतात. पण हे आकडे मुख्यतः युरोपीय वंशाच्या लोकांवरचे, आणि वेगवेगळ्या वंशांत हा परिणाम कमी-जास्त दिसतो. भारतात हरियाणातल्या बल्लभगढमध्ये अमेरिकेबरोबर मोठं काम झालं, त्यात तिथल्या लोकांत ४ हा प्रकार अमेरिकेतल्या नमुन्यापेक्षा कमी आढळला आणि अल्झायमरही कमी. एक प्रत असलेली कितीतरी माणसं म्हातारपणी टवटवीत असतात, आणि एकही प्रत नसताना आजार झालेलीही पुष्कळ. लाल बाण म्हणजे निदान नव्हे.

चरबीशी संबंध असा: एपीओई हा मेंदूतला मुख्य चरबीवाहक. ४ प्रकारात तो कमी चरबी उचलतो, म्हणून माल पेशीतच अडतो. ट्रेम-२ हे दुसरं जनुक. ते मायक्रोग्लियाच्या अंगावरचं चरबी ओळखणारं प्रथिन बनवतं. त्यातला एक दुर्मीळ बदल अल्झायमरची जोखीम वाढवतो हे २०१३ मध्ये दोन स्वतंत्र गटांनी दाखवलं. दोन वेगळ्या जनुकांनी बोट चरबीच्या हाताळणीकडेच दाखवावं, हा योगायोग नाही वाटत मला.

मेनरोडची_मैना

धन्यवाद सर. ओमेगा पॅकेज घेऊ की नको?

पाथर्डीफाटा

ताई, आमच्याही घरी एका एजंटाने असल्या कॅप्सूल वर्षभर विकल्या. फायदा झाला, एजंटाला.

सोमेश्वरकर

ओमेगा-३ चं शास्त्र सुंदर आहे. शरीर डीएचए पासून रिझॉल्व्हिन आणि न्यूरोप्रोटेक्टिन अशी द्रव्यं बनवतं, ती दाह मिटवायचं काम करतात. ओमेगा-६ मधल्या ॲराकिडोनिक ॲसिडपासून प्रोस्टाग्लँडिन बनतात, ती दाह पेटवतात. ॲस्पिरिन तेच अडवतं, आणि जॉन व्हेन यांना त्याच्या शोधासाठी १९८२ चं नोबेल मिळालं.

पण सुंदर शास्त्र आणि उपयोगी गोळी यांत अंतर असतं. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत सौम्य ते मध्यम अल्झायमरच्या ४०२ रुग्णांपैकी काहींना १८ महिने रोज २ ग्रॅम डीएचए दिलं, काहींना नकली कॅप्सूल. घसरण दोन्हीकडे सारखीच. दाहाच्या गोळ्यांचंही तेच: वयस्क लोकांना नॅप्रोक्सेन आणि सेलेकॉक्सिब देऊन अल्झायमर टळतो का हे पाहणारी चाचणी २००४ मध्ये थांबवावी लागली आणि टाळण्याचा फायदा दिसला नाही.

मासे खात असाल तर बांगडा, तारली खा. जवसाची चटणी चांगली, पण जवसातलं ओमेगा-३ वेगळं. त्याचं डीएचए शरीर फारच थोडं करतं. पॅकेज घेऊ नका. ते पैसे आईंना सांभाळायला दिवसा एखादी बाई मिळाली तर तिला द्या.

मेनरोडची_मैना

हे शेवटचं वाक्य भावाला फॉरवर्ड केलं.

निळी_शबनम

मी इथे बहुतेक वाचनमात्र असते. मला मल्टिपल स्क्लेरोसिस (एमएस) आहे, म्हणजे मायलिन तुटत जाण्याचा आजार. मायलिनबद्दल वाचून विचारावंसं वाटलं, आमच्यात हे चरबीचं गणित कसं असतं? डॉक्टरांना ओपीडीत इतकं विचारायला वेळ नसतो, आणि माझ्यामागे रांग असते.

सोमेश्वरकर

तुमच्या आजारात तर हे गणित केंद्रस्थानी आहे. मायलिन तुटलं की त्याचे तुकडे आधी उचलावे लागतात, मगच नवं आवरण चढू शकतं. २०१८ मध्ये जर्मनीतल्या एका गटाने तरुण आणि म्हाताऱ्या उंदरांच्या मायलिनला इजा केली. तरुण उंदरांच्या पेशींनी तुकडे गिळले, कोलेस्टेरॉल बाहेर पाठवलं, जखम भरत आली. म्हाताऱ्यांच्या पेशी गिळून बसल्या. आत कोलेस्टेरॉलचे स्फटिक तयार झाले, दाह मिटेना, दुरुस्ती अडली. कोलेस्टेरॉल बाहेर काढायला मदत करणारं औषध दिल्यावर दुरुस्ती सुधारली. माणसांसाठी असं औषध अजून दवाखान्यात नाही.

अवांतर नाही म्हणून सांगतो, एमएसवर २०१० पासून अमेरिकेत मान्य असलेलं फिंगोलिमोड हेही चरबीच्याच दुनियेतलं. स्फिंगोसिन-१-फॉस्फेट नावाच्या चरबीच्या रेणूचा निरोप ऐकणारे ग्राहक (रिसेप्टर) ते निकामी करतं, त्यामुळे लिम्फोसाइट या पांढऱ्या पेशी लसीका ग्रंथींतच अडकून राहतात आणि मेंदूवर चाल करून जात नाहीत.

निळी_शबनम

मी तीच गोळी घेते! सुरू केली त्या दिवशी नाडी मोजत सहा तास बसवून ठेवलं होतं. कशासाठी ते आता विचारेन.

सोमेश्वरकर

हृदयातही तेच ग्राहक असतात, पहिल्या मात्रेने ठोके मंदावू शकतात, म्हणून.

चष्मेबद्दूर

सर, एक अडचण राहिली. पहिल्याच पोस्टमध्ये तुम्ही म्हणालात की रक्तातलं एलडीएल मेंदूत जात नाही. मग २०२४ च्या लॅन्सेट आयोगाने स्मृतिभ्रंशाच्या टाळता येणाऱ्या १४ कारणांत मध्यम वयातलं वाढलेलं एलडीएल कसं घातलं? आत जातच नसेल तर आत बिघाड कसा करतं? वडिलांना ॲटॉर्वास्टॅटिन ही कोलेस्टेरॉल कमी करणारी स्टॅटिन गटातली गोळी दिलीय आणि ते 'त्याने विसराळूपणा येतो' म्हणून गोळी घेत नाहीत, म्हणून विचारतोय.

सोमेश्वरकर

धाग्यातला सगळ्यात चांगला प्रश्न.

एलडीएल आत जायची गरजच नाही, भिंत खराब केली की पुरे. मेंदूच्या बारीक रक्तवाहिन्या वर्षानुवर्षं खराब होत गेल्या की ती भिंत गळायला लागते. रक्तातलं फायब्रिनोजेन, जे रक्त गोठवायला असतं, ते आत झिरपतं आणि मायक्रोग्लियांच्या ग्राहकाला चिकटून त्यांना भडकवतं. शिवाय पक्षाघाताचे छोटे-मोठे झटके येतात ते वेगळेच. दुसरी वाट अशी की कोलेस्टेरॉल स्वतः ओलांडत नसलं तरी शरीरात त्याला ऑक्सिजन जोडून बनणारं २७-हायड्रॉक्सिकोलेस्टेरॉल ओलांडतं. पहिली वाट मला जास्त महत्त्वाची वाटते.

स्टॅटिनबद्दल: २००२ च्या दोन मोठ्या चाचण्यांत, एकीत तर ७० ते ८२ वयाचेच लोक होते, स्टॅटिन घेणाऱ्यांची आणि न घेणाऱ्यांची बुद्धी सारखीच राहिली. फायदाही नाही, तोटाही नाही. म्हातारपणी सुरू केलेल्या गोळीने मागच्या तीस वर्षांचं नुकसान भरून निघत नसावं, असा एक अर्थ लावतात. काहींना विसरल्यासारखं वाटल्याच्या तक्रारींमुळे अमेरिकेने २०१२ मध्ये वेष्टनावर तशी सूचना टाकली, पण तो त्रास सहसा गंभीर नसतो आणि गोळी थांबवल्यावर जातो. वडिलांना खरंच तसं वाटत असेल तर डॉक्टरांना सांगून गोळी बदलता येते. परस्पर बंद करू नका, ती मुळात हृदयासाठी दिलेली आहे. आणि त्यांचं बीपी किती असतं? त्याच बारीक वाहिन्यांना बीपीही पोखरतं.

चष्मेबद्दूर

१५०/९०, 'या वयात एवढं असतंच' असं त्यांचं म्हणणं. उद्या सकाळी घेऊन जातो.